पेटीकर

इंग्लंडातल्या नॉटिंगहॅम शहरात गेम्स वर्कशॉप या कंपनीचं मुख्य ठाणं आहे. 1983 साली 'वॉरहॅमर' आणि 1987 साली 'वॉरहॅमर 40,000' हे खेळ बाजारात आणून तिने जाणत्या माणसांना टेबलावर लढायांना बसवलं. आपल्याकडे दिवाळीच्या किल्ल्यावर मावळे मांडतात, तसेच हे सैनिक. फक्त उंचीला बहुतेक दीड इंचाच्या आत, सुटे भाग चिकटवून जोडलेले आणि बारीक कुंचल्याने बुबुळांपर्यंत रंगवलेले. फासे टाकायचे, टेपने अंतर मोजायचं, शत्रू गारद करायचा. या छंदात माणसांचे नमुने पुष्कळ. कुणी नियमांचा कीस पाडतो, कुणी रंगवण्यातच रमतो, कुणी विकत आणलेली खोकी न फोडता नुसती रचून ठेवतो. पण खरा अभ्यासाचा विषय आहे तो या सैनिकांसाठी घरच्या घरी चुंबकाच्या पेट्या बनवणारा गृहस्थ. त्याला आपण पेटीकर म्हणू. सैन्य सुरक्षित राहावं म्हणून पेटीकर पेटी करतो, असा सर्वसाधारण समज आहे. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. पेटी करता यावी म्हणून तो सैन्य बाळगतो.

आधी त्याची बाजू मांडू, कारण ती लंगडी नाही. पूर्वापार सोय म्हणजे खाचा पाडलेल्या फोमचे थर. त्यात सैनिक आडवा झोपतो, आणि काढता-घालता त्याच्या खांद्याचा रंग घासतो, भाला वाकतो, निशाण मोडतं. शिवाय ठरावीक मापाच्या खाचेत पंखवाला राक्षस बसत नाही. यावर पेटीकराचा तोडगा असा: सैनिकाच्या पायाखालच्या गोल बैठकीत चुंबक बसवायचा, प्लॅस्टिकच्या डब्याच्या तळाशी लोखंडी पत्रा चिकटवायचा, आणि फौज उभीच्या उभी न्यायची. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या सुमितोमोने आणि अमेरिकेच्या जनरल मोटर्सने जवळपास एकाच वेळी निओडिमियमचे चुंबक शोधले. तुरीच्या दाण्याएवढा तुकडाही सैनिकाला उलटा टांगून धरतो, तो त्यामुळेच. मात्र चुंबक आणि पत्रा यांच्यात अर्ध्या मिलिमीटरची फट राहिली तरी पकड झपाट्याने ढिली पडते. म्हणून चुंबक बसवताना पेटीकर पत्र्यावर तात्पुरतं पातळ प्लॅस्टिक अंथरतो, त्यावर चुंबक ठेवतो, बैठकीच्या पोकळीत एम-सीलच्याच जातीच्या हिरव्या लांबीची गोळी भरतो आणि बैठक वरून दाबतो. लांबी सुकली की चुंबक काठाशी अगदी समतल. सुपरग्लू धरत नसेल, तर चुंबकाची गुळगुळीत निकेलची पाठ तो पॉलिश पेपरने खरवडून घेतो. ही करामत बघण्यासारखी आहे, यात वाद नाही.

पण आता त्याचं वागणं पाहा. सैन्य वाचवणं हाच हेतू असता, तर पेटी झाली की काम संपायला हवं होतं. प्रत्यक्षात पेटी झाली की तिची परीक्षा सुरू होते. दोनशे तास खपून रंगवलेली फौज आत घालायची, झाकण लावायचं आणि पेटी उलटी करून हलवायची! ज्या आपत्तीपासून सैन्याला वाचवायचं, तीच आपत्ती आपल्या हाताने ओढवून आणणारा रक्षक जगात दुसरा नसेल. खाली गादी अंथरलेली असते, एवढाच विवेक. एकही सैनिक पडला नाही, तर पेटीकराच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसतं, ते लढाई जिंकल्यावर कधी दिसत नाही. दुसरा पुरावा रिकाम्या जागेचा. मापं काटेकोर घेऊनही डब्यात एका कोपऱ्यात आठ-दहा सैनिकांची जागा उरते. शहाणा माणूस ती सोडून देईल. पेटीकर दुकानात जाऊन आठ-दहा सैनिक आणतो. ते बारा निघाले, की दोघांसाठी नवी पेटी लागते. इंग्लंडात या मंडळींचा लाडका असा एक 'रिअली यूसफुल बॉक्स' नावाचा डबा मिळतो, तो एकावर एक नीट रचता येतो. रचता येणाऱ्या वस्तूला अंत नसतो, हे त्या डब्याच्या कंपनीला कळलेलं आहे.

हा आजचा चाळा नाही. टेबलावरच्या लढायांच्या एका मूळपुरुषातच तो सापडतो. प्रशियात गेओर्ग लिओपोल्ड फॉन राइसवित्स नावाच्या गृहस्थाने वाळूवर लढाईचा खेळ मांडला होता. तो राजपुत्रांना आवडला आणि राजा फ्रेडरिक विल्यम तिसरा याच्यापुढे मांडायचं ठरलं. वाळू आणि ठोकळे होतेच. लगेच मांडता आलं असतं. पण राइसवित्सने वेळ घेतला आणि 1812 साली राजापुढे हजर केलं ते एक कपाट. वर टेबल, खाली खण, खणांत जमिनीचे चौकोनी तुकडे, सैन्याचे ठोकळे, मोजपट्ट्या आणि फासे, सगळं आपापल्या जागी. राजाला खेळ हवा होता, त्याला फर्निचर मिळालं. आता कुणी म्हणेल, की त्याच्या मुलाने 1824 साली तोच खेळ साध्या कागदी नकाशावर आणला, आणि सैन्यात पसरला तो कपाटाविनाचा खेळ. मग पेटी आणि छंद यांचा संबंध काय उरला? आक्षेप बिनतोड आहे, पण तो खेळाबद्दल आहे. खेळ पेटीविना चालतो, हे मी नाकारतच नाही. पेटीकर पेटीविना चालत नाही, एवढंच माझं म्हणणं.

दुसरा आक्षेप पैशांचा: तयार पेटी महाग, घरची स्वस्त. हिशेब डबा, पत्रा आणि चुंबकांपर्यंत थांबला तर खराच. पण तो थांबत नाही. पत्रा कापायला कातर लागते, कडा घासायला कानस, कापलेलं बोट बांधायला पट्टी. त्यात नवशिका पेटीकर चकचकीत म्हणून हमखास स्टेनलेसचा पत्रा आणतो. आपल्या स्वयंपाकघरातल्या चांगल्या स्टीलच्या डब्याला चुंबक सहसा चिकटत नाही, हे ज्याने पाहिलंय त्याला पुढचं सांगायला नको. तो पत्रा गॅरेजात पडून राहतो आणि साधा गॅल्व्हनाइज्ड पत्रा पुन्हा विकत घ्यावा लागतो. बचत करण्याचा इतका खर्चिक मार्ग दुसरा शोधूनही सापडायचा नाही.

मग तो हे का करतो? मला वाटतं, फाशांमुळे. टेबलावर कितीही डोकं चालवा, ऐन वेळी एक पडतो आणि मोठा सेनापती एखाद्या फुटकळ शिपायाच्या हातून मरतो. दाद मागायला जागा नाही. पेटीत मात्र दैव नाही. फट ठेवली नाही, पत्रा बरोबर निवडला, तर चुंबक धरणारच; आणि धरला नाही तर कारण सापडतं, ते दुरुस्त करता येतं. स्पर्धेला सैन्य घेऊन जाणारा पेटीकर तिथे बहुधा हरतो. पण सामना संपल्यावर जिंकणाऱ्याच्या टेबलापाशी कुणी थांबत नाही. सगळे याची पेटी उघडून बघत असतात, आणि कोणत्या मापाचा चुंबक वापरलात, हा प्रश्न जिंकणाराही विचारतो.

खेळाडू म्हणून त्याला दहापैकी चार गुण द्यावेत, कारागीर म्हणून आठ. त्यातला एक मात्र कापावा लागेल, कारण उरलेले चुंबक तो टेबलावर उघड्या वाटीत ठेवतो. लहान मुलाने असे दोन गिळले, तर ते पोटात आतड्याच्या वेगवेगळ्या वेटोळ्यांतून एकमेकांना ओढतात आणि मधल्या आतड्याला भोक पडू शकतं. तुमच्या ओळखीत पेटीकर असेल आणि त्याच्या घरात लहान मूल असेल, तर सैन्य राहू दे बाहेर, आधी ती वाटी कुलपात ठेवायला सांगा.