मुदत पंधरा दिवसांची, तारीख पाच वर्षांची

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 मधले कलम 15 मोठे शिस्तप्रिय आहे. निवडणुकीत घोळ झाला असे वाटले, तर निकालापासून 15 दिवसांत दिवाणी न्यायाधीशांकडे अर्ज करायचा. सोळाव्या दिवशी तुमचा पुरावा कितीही सज्जड असो, उशीर झालेला असतो. एकदा अर्ज आत गेला की मात्र घाई संपते. ज्या सरपंचाचा अभिनंदनाचा फलक एसटी थांब्यावर झळकतो आहे, त्याच्यावरची नोटीस ‘गावी आढळून आला नाही’ असा शेरा घेऊन परत येते. मग म्हणणे मांडायला मुदत, वकील गैरहजर, मतपत्रिकांच्या जागी यंत्र आले तरी फेरमोजणीवर तोच युक्तिवाद. तोवर पाच वर्षे सरतात आणि अर्ज निरर्थक ठरून निकाली निघतो.

यावर शहाणी माणसे म्हणतात, पडलेला प्रत्येक उमेदवार कोर्टात जातो, म्हणून तर संविधानाच्या 243-ओ अनुच्छेदाने निवडणूक अर्जाखेरीज दुसरी वाट ठेवलेली नाही. अगदी रास्त. पण वाट एकच असेल तर तिच्यावर निदान चालता तरी आले पाहिजे. रडीचा डाव असेल तर अर्ज दोन महिन्यांत फेटाळा, जिंकलेलाही निर्धास्त होईल. जलद काम जमत नाही असेही नाही: 2021 च्या जानेवारीत उमराणे आणि खोंडामळी या गावांत सरपंचपदाचा लिलाव झाल्याचे दिसताच राज्य निवडणूक आयोगाने मतदानाआधीच तिथल्या निवडणुका रद्द केल्या. अर्जदाराला 15 दिवस देणाऱ्या कायद्याने अर्जाच्या निकालालाही सहा महिन्यांची मुदत घालावी.