न वाहिलेल्या मातीचा पगार

बांधकाम खात्यातल्या माणसाला विचारा, तू आजवर काय केलंस, तर तो पूल दाखवतो. पूल पडला असला तर पडलेला पूल दाखवतो. डॉक्टरकडे टाके असतात, वकिलाकडे निदान तारखा तरी असतात. निसर्गसंवर्धन शिकून पोटाला लागलेल्या माणसाकडे दाखवायला एक डोंगर असतो, आणि तो पहिल्यापासून तिथंच होता.

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात वनशास्त्राची चार वर्षांची पदवी घेताना याचा अंदाज येत नाही, कारण तिथं मोजायला भरपूर असतं. वनमापनात झाडाचा घेर छातीच्या उंचीवर घेतात. कुणाच्या छातीच्या, हे सरकारनं ठरवून टाकलंय: १.३७ मीटर. आमच्या गटातल्या सगळ्यात बुटक्या मुलीच्या ही छाती हनुवटीला लागायची. झाड उतारावर असेल तर चढाच्या बाजूनं मोजायचं, कारण खालच्या बाजूनं मोजलं की तेच झाड जाड भरतं. जुलैतल्या दापोलीत कुठल्या बाजूला उभं राहायचं हे आपल्या हातात नसतं. ऐन आणि किंजळ पाठोपाठ मोजत आम्ही चिखलातून घसरत खाली जायचो आणि वहीत जंगल उगाचच बाळसं धरायचं.

घरी मात्र या पदवीचा अर्थ एकच होता. सुट्टीला गेलो की प्रत्येक घरातला मरायला टेकलेला कढीपत्ता माझ्यापुढं आणला जायचा.

पुढं काय, याची उत्तरं वर्गानं आपापली शोधली. बरेच जण बँकांत कृषी अधिकारी झाले. घेर मोजणारे हात आता तारण मोजतात. एक जण डेहराडूनला वाघांच्या कॅमेऱ्यांतले फोटो चाळायला गेला आणि त्याला पहिले कित्येक दिवस फक्त गाई दिसल्या. दोघांनी भारतीय वनसेवेचा ध्यास घेतला. तिथं लेखी आणि मुलाखतीखेरीज चालावंही लागतं: चार तासांत पुरुषांना २५ किलोमीटर, स्त्रियांना १४. उमेदवार जीव तोडून चालतात. निवड झाल्यावर मग वर्षानुवर्षं फायलीमागं चालायचं असतं, त्याला वेळेची मर्यादा नाही.

मी एका पाणलोट संस्थेत लागलो. काम असं, की डोंगराच्या माथ्यापासून पायथ्यापर्यंत सलग समतल चर खणायचे. गावात त्याला सीसीटी म्हणतात आणि सीसीटीव्हीची चौकशी आमच्याकडं करतात. उतारावरून धावणारं पाणी चरात थांबतं, जमिनीत मुरतं, आणि त्यानं आणलेली माती चरातच बसते. थोडक्यात, ज्या दिवशी चर गाळानं भरून बुजतो, त्या दिवशी तो यशस्वी झालेला असतो. आता हे तपासणीला आलेल्या साहेबांना सांगून बघा.

"चर कुठायत?"

"हे काय, साहेब, गाळानं भरलेत."

"म्हणजे बुजलेत. खर्च वाया."

रिकामा, कोरडा, काहीही न अडवलेला चर फोटोत देखणा दिसतो. त्याला शेरा चांगला मिळतो.

साहेबांपेक्षा आमची आत्या हुशार. एका लग्नाच्या पंगतीत तिनं विचारलं, "तू नक्की करतोस तरी काय रे?"

"डोंगरावरची माती खाली वाहून जाऊ देत नाही."

"बरं. आणि तू नसतास तर ती गेलीच असती, हे कशावरून?"

जिलबी घेऊन वाढपी आला म्हणून मी वाचलो.

या प्रश्नाला घाबरूनच बहुधा सगळ्यांना झाडं लावायला आवडतात. लावलेलं झाड मोजता येतं. २०१९ साली आपल्या राज्यानं ३३ कोटींचं उद्दिष्ट ठेवलं होतं; देवांनंतर एवढा मोठा आकडा आपल्याकडं झाडांनाच मिळाला. न तोडलेल्या झाडाशेजारी मात्र कुणी फावडं हातात घेऊन फोटो काढत नाही. हिवरे बाजार हे आदर्श गाव बघायला बसगाड्या भरून पाहुणे जातात. तिथल्या यशाचं रहस्य लिहून घ्यायला वह्या उघडतात, आणि यादी निघते ती अशी: कुऱ्हाड चालवायची नाही, गुरं मोकाट चारायची नाहीत, शेतीसाठी बोअर मारायची नाही, ऊस लावायचा नाही. श्रमदान तेवढं करायचं. पाहुण्यांचे चेहरे पडतात. एवढ्या लांब येऊन काहीतरी करायचं मिळेल, अशी आशा असते.

अखेर या न घडण्याला भाव आला तो पुण्यात, एका वातानुकूलित कचेरीत. आमच्या वर्गातला, वनमापनात कायम काठावर पास होणारा एक मित्र कार्बन क्रेडिटवाल्यांकडं लागला. जंगल तुटण्यापासून वाचलं तर न सुटलेल्या धुराचे पैसे मिळवून देणं हा त्याचा धंदा. त्यासाठी आधी प्रकल्प नसता तर किती झाडं तुटली असती, हे कागदावर मांडावं लागतं. म्हणजे आत्याचाच प्रश्न. फक्त इथं उत्तराला डॉलर मिळतात. जेवढा सर्वनाश रंगवाल, तेवढी क्रेडिटं. जगात यावर बरीच बोंब झाली आहे, म्हणून आता उपग्रहाची चित्रं जोडून सर्वनाश रंगवतात. त्याचा पगार माझ्या तिप्पट आहे आणि त्याच्या बुटांना चिखल नसतो.

मी त्याला फोन केला. म्हटलं, आमच्या डोंगरालाही मिळव की काहीतरी.

"झाडं तोडतं का तिथं कोणी?"

"छे. गावानंच कुऱ्हाडबंदी केलीय. कधीची."

"अरेरे," तो म्हणाला. खरोखर हळहळला. "मग अवघड आहे. तोडणारच कोणी नसेल तर वाचवलं काय दाखवायचं?"

मी गप्प.

"एक करशील का," तो आवाज उतरवून म्हणाला, "आसपास एखादा होतकरू लाकूडतोड्या मिळतो का बघ."