मेजरांचा एक थेंब

फौजेतून परतलेल्या माणसाला आमच्याकडे मेजर म्हणतात. तो शिपाई म्हणून सुटलेला असो की सुभेदार म्हणून, फाट्यावर ट्रंक उतरली की गाव त्याला एकदम बढती देऊन टाकतं. आमचे मेजर मराठा लाइट इन्फन्ट्रीतले हवालदार. बेळगावच्या सेंटरातून निघाले, देशभर हिंडले आणि शेवटी आळेफाटा-ओतूर रस्त्यापासून आत, चहूबाजूंनी ऊस असलेल्या मळ्यात घर बांधून बसले. जवळ पेन्शन, ट्रंक आणि परवान्याची बाराबोर दुनळी.

या दुनळीतून अठरा वर्षांत बार किती उडाले, असं मी एकदा विचारलं. मेजरांनी एक बोट वर केलं. तोही बंदूक चालते का हे पाहायला बांधाच्या मातीत काढलेला. पण तेल किती वेळा लावलं असं विचारा, मेजर आत जाऊन शंभर पानी वही आणतात. वर ‘सफाई’ असं लिहिलेलं. आत चार रकाने : तारीख, हवा, तेल, थेंब. हवेच्या रकान्यात ‘धुकं’, ‘पाऊस’ असतंच. अधूनमधून ‘पाहुणे’ असंही असतं.

“पाहुणे ही कसली हवा, मेजर?”

“हात लावत्यात नळीला, मास्तर. घामात मीठ असतं. पावसापेक्षा वाईट.”

सफाई रविवारी सकाळी, ओट्यावर, जुना पेपर पसरून. आधी दोन्ही नळ्या उघडून उन्हाकडे धरायच्या, काडतूस नाही याची खात्री करायची, मग मलाही करायला लावायची. हे अठरा वर्षं चाललंय. मग बंदुकीचे तीन भाग : नळ्या, त्यांच्याखालचा लाकडी तुकडा आणि दस्ता. चिंध्या स्वतःच्या जुन्या पायजम्याच्या, पट्टीनं मोजून चार इंच बाय दोन इंच. कोरडी चिंधी गजाला गुंडाळून आरपार, मग तेलाची, मग पुन्हा कोरडी. मग मेजर एक डोळा मिटून नळीतून आभाळ बघतात. आत चकाकणाऱ्या कड्या एकात एक दिसतात. मी पाहिलं तरी मला कड्याच दिसतात. मेजरांना त्यात कुठंतरी ‘ढग’ दिसतो आणि गज पुन्हा फिरतो.

तेल मात्र एक थेंब. तोही बाटलीतून पाडायचा नाही, कोंबडीच्या पिसाच्या टोकावर घ्यायचा आणि जिथं बंदूक मोडते त्या खिळ्यापाशी टेकवायचा. शिवाय त्या खिळ्यावर मोहरीच्या दाण्याएवढं ग्रीस. बाकी सगळीकडे लावून पुसलेलं तेल. “दिसलं ते तेल जास्त झालं,” हा मेजरांचा सिद्धांत. जास्तीच्या तेलावर आपल्या रानातली माती बसली की तेलाची कानस होते. आणि दस्त्यात झिरपलं की लाकूड आतून भुसभुशीत होतं. म्हणून कुलूपबंद कपाटात बंदूक शीर्षासनात उभी असते : नळ्यांची तोंडं खाली, दस्ता वर. सुटलेला थेंब लाकडात न जाता खालच्या फडक्यात जावा. मेजरांना स्वतःला वैद्यांनी सांगूनही कधी योगासनं जमली नाहीत.

कुठलं तेल, हा खरा विषय. यावर मेजर बोलायला लागले की त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, चहा ठेवत नाहीत, थेट स्वयंपाकालाच लागतात.

मेजरांचं तेल म्हणजे शिवणयंत्राचं. पातळ, पांढरं, खनिज. ते एका पितळी कुपीत असतं. थ्री-नॉट-थ्री रायफलीच्या दस्त्यात असायची तशी ही कुपी. ती मेजरांकडे कशी आली हे विचारायचं नाही. त्या रायफलीच्या जुन्या काडतुसांची टोपी पेटली की नळीत मीठ राहायचं, ते हवेतलं पाणी ओढायचं, आणि तेलानं मीठ विरघळत नाही, म्हणून फौजेतले उस्ताद आधी उकळतं पाणी ओतायला लावायचे. आताच्या खडकीच्या काडतुसांना त्याची गरज नाही, हे मेजर जड अंतःकरणानं मान्य करतात.

खोबरेल त्यांना बंदुकीजवळही नको. आमच्याकडे थंडीत बाटलीतलं खोबरेल दगड होतं, तेच चापाच्या यंत्रात झालं तर? गोडेतेल म्हणजे मुंग्यांना आवतण. पण सगळ्यांत मोठा शत्रू करडई. आंबेगावातून, घोडेगावच्या बाजूनं, एक जण वडिलांच्या वेळची बंदूक घेऊन आला होता. परवाना वारसानं त्याच्या नावावर झाला होता आणि तेलही वारशानंच आलेलं : घरच्या घाण्याचं. घोडा मागं ओढला की तिथंच उभा, रुसलेल्या जावयासारखा. मेजरांनी यंत्र उघडलं तर आत सोनेरी, पारदर्शक, नखानं न निघणारा थर. करडईचं तेल हवेत वाळतं, त्याचं व्हार्निश होतं. रंग करणारे ते याच गुणासाठी वापरतात. पूर्वी मेजर अशा वेळी रॉकेल घ्यायचे, ते रेशनवरून गेल्यापासून डिझेल. दोन दिवस डिझेल आणि टूथब्रश. तिसऱ्या दिवशी ‘खट्’ असा आवाज झाला आणि मेजरांनी काकूंना चहा ठेवायला सांगितलं. स्वतःहून.

पुण्याला कंपनीत असलेल्या पुतण्यानं मागच्या दिवाळीत डब्ल्यूडी-40चा डबा आणला. मी उगाच माहिती पुरवली, की हे 1953 साली अमेरिकेत क्षेपणास्त्राला गंज लागू नये म्हणून केलं. पाणी हटवायचं मिश्रण चाळिसाव्या खेपेला जमलं म्हणून नावात 40. मेजर म्हणाले, “म्हंजे एकोणचाळीस वेळा नापास. आणि हे पाणी काढतं ना? मग पाणी निघाल्यावर तेल कोण लावणार, त्याचा बाप?” मुद्दा बिनतोड होता. डबा आता पुतण्याच्याच मोटरसायकलच्या साखळीला लागतो.

“तेल म्हंजे चेष्टा न्हाय, मास्तर. सत्तावन्न साली काडतुसाला गाईची का डुकराची, कुठली चरबी लावली, एवढ्यावरनं गोऱ्याचं राज्य हाललं.” इतिहास इतका सरळ नाही, असं मी शाळेत शिकवतो; मेजरांपुढं नाही.

निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका सहसा पोलिसांकडे जमा कराव्या लागतात. लोक बंदूक देऊन पावती घेतात. मेजर बंदुकीबरोबर कुपी, सहा चिंध्या आणि मुलीला सासरी पाठवताना द्याव्यात तशा लेखी सूचना देतात. लोकसभा, विधानसभा, मग पुन्हा काही ना काही. त्या महिन्यांत वहीत फक्त ‘माहेरी नाही’ असं लिहिलेलं असतं. एकदा परत आणल्यावर त्यांनी नळी हुंगली आणि तोंड पाडून म्हणाले, “जाई.” कुणीतरी मायेनं केसांचं तेल चोळलं होतं.

लग्नात बार काढा म्हणून बोलावणी येतात. मेजर 2019 सालची कायद्यातली दुरुस्ती सांगतात, आनंदाच्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद. कायदा खराच आहे. पण बार काढला तर नळी धुवावी लागेल, हे ते सांगत नाहीत.

या सगळ्यात घराच्या मागच्या दाराला अठरा वर्षांत तेलाचा थेंब मिळाला नाही. काकूंचं शिवणयंत्रसुद्धा रडत चालतं, कारण त्याचं तेल कुपीत. ते दार तर उघडताना असं किंचाळतं की पाहुण्यांची पोरं दचकतात. काकूंनी शंभरदा सांगितलं. “मिळंल की रविवारी,” असं म्हणून रविवारी दुनळी बाहेर यायची.

गेल्या पौषात थ्री-फेजची वीज रात्री होती. मेजर मोटर चालू करायला उठले, तेवढ्यात गोठ्यात शेळ्यांनी कालवा केला. फटीतून टॉर्च मारला तर बिबट्या. तो आमच्याकडे नवा नाही. माणिकडोहला त्याच्यासाठी निवारा केंद्रच आहे. आणि 1972च्या कायद्यात तो पहिल्या अनुसूचीत, म्हणजे दुनळी असली तरी त्याच्यावर रोखायची नाही. वनखात्याचे लोक सांगतात, रात्री आवाज करा, गाणी लावा. मेजरांना एवढ्या रात्री गाणं सुचेना. त्यांनी मागचं दार ढकललं.

काकू सांगतात, त्या किंचाळीनं बिबट्या उसात गेलाच, शेजारच्या मळ्यातली कुत्रीही गप्प झाली.

दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा काकू हट्टानं शिवणयंत्रासाठी म्हणून कुपी मागत होत्या, आणि बोलता बोलता बिजागरीकडे सरकत होत्या. मेजर दारात आडवे उभे. वही उघडी होती. तारीख, हवेत ‘बिबट्या’, आणि तेलाच्या रकान्यात नव्या शाईनं : ‘मागचं दार – कायम मनाई.’