झिरो बजेटवाल्या ताईंना, मुंग्यांतर्फे

वसई, 27 डिसेंबर

प्रिय ताई,

तुमचं नाव ठाऊक नाही. व्हिडिओत तुमचे फक्त हात दिसतात. आवाज मात्र मधात घोळलेला, म्हणून ताई म्हणते. 'नाताळची गिफ्टं सजवा झिरो बजेटमध्ये, घरात पडलेल्या वस्तूंतून' हा तुमचा व्हिडिओ मी 20 तारखेला पाहिला. मध्यरात्रीच्या मिस्सानंतर आमच्याकडे सगळं खटलं जमतं आणि गव्हाणीपुढे भेटी उघडल्या जातात. चौदा पुडकी बांधायची होती. म्हटलं, ताई म्हणतात तर करून बघू.

तर ताई, लोकांच्या घरात काय काय पडलेलं असतं हे मला तुमच्यामुळे कळलं. संत्र्याच्या वाळवलेल्या चकत्या. दालचिनीच्या वीतभर कांड्या. निलगिरीची डहाळी. लाख आणि तिच्यावर उमटवायचा पितळी शिक्का! माझ्या घरात वीजबिलं, बाटल्यांची झाकणं आणि नवऱ्याचे जुने बनियन पडलेले होते. बनियनमध्ये काय गुंडाळायचं हे तुम्ही सांगितलं नाहीत.

चकत्या 100 अंशांवर चार तास ओव्हनमध्ये ठेवायच्या, 'खर्च काहीच नाही'. वीज फुकट मिळणारं तुमचं गाव कुठलं ते कळवा, आम्ही बिऱ्हाड हलवतो. दालचिनी घ्यायला गेले तर दुकानदाराने विचारलं, "बिर्याणी का?" मी म्हटलं, "नाही, खोक्यांवर बांधायचीय." त्याने सुटे पैसे दोनदा मोजून दिले. माणूस बरा नसला की आपण देतो तसे. संत्री, दालचिनी, ताग्यातला तपकिरी कागद, दोरा, लाख असं धरून तुमचं शून्य मला 870 रुपयांना पडलं. कोपऱ्यावरच्या स्टेशनरीत छापील गिफ्ट पेपरचा ताव 10 रुपयांना मिळतो. चौदांचे किती होतात ते तुमचं तुम्ही बघा.

तुम्ही सांगितलेली पाइनची डहाळी वसईत कुठली? किनाऱ्यावरून सुरूची आणली. तिच्या सुया अजून पोळपाटाखाली सापडताहेत. ते असो. मुंग्यांचं सांगते.

वसईची हवा समुद्राची. ओव्हनमधून कुरकुरीत निघालेली चकती रात्रभरात ओलसर, चिकट होते. 24 च्या पहाटे मी दिवा लावला तर मोरीपासून गव्हाणीपर्यंत काळी रेघ. आधी वाटलं मुलांनी दोरा सांडला. वाकून पाहिलं तर दोरा चालत होता! पूर्वेकडून आलेले तीन ज्ञानी उंटांसकट उभे, आणि पश्चिमेच्या मोरीतून आलेल्या मुंग्या त्यांच्या पायांमधून वाट काढत थेट माझ्या मावशींच्या पुडक्यावर. मी चकत्या काढल्या, पुडकी उन्हात ठेवली, फडक्याने पुसली. रात्री सगळ्यांसमोर मावशींनी शाल उलगडली, खांद्यावर घेतली आणि किंचाळल्या. दोन मुंग्या बाहीत शिरल्या होत्या. मावशी 78 वर्षांच्या आहेत. आता वर्षभर त्या माझ्याकडे येताना शाल आणणार नाहीत.

मग तुमची ती 'फुरोशिकी'. कापडात वस्तू बांधायची जपानी कला. छानच आहे हो. 2006 साली जपानच्या पर्यावरणमंत्री युरिको कोइके यांनी प्लास्टिकच्या पिशव्यांना पर्याय म्हणून तिचा प्रचारही केला होता. पण जपानमधून आलं की फुरोशिकी आणि माझ्या आजीने बांधलं की बोचकं, हा न्याय मला कळत नाही. गोव्यात नाताळच्या गोडाचं ताट शेजारी पाठवताना वर क्रोशाचा रुमाल घालतात आणि ताटाबरोबर तो परत येतो. त्याचा कुणी व्हिडिओ केला नाही, कारण त्यात विकत घ्यायचं काही नाही.

आणि ताई, ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते आता लिहिते. तपकिरी कागदाला, सुतळीला तुम्ही 'गरिबीचा क्यूट लुक' म्हणालात आणि हसलात. माझी आई भेट उघडताना चिकटपट्टी किटलीच्या वाफेवर धरून सोडवायची. कागद फाटू नये म्हणून. मग फडक्याखाली इस्त्री करून तो गादीखाली ठेवायची. लाल, सोनेरी घंटांचा एक कागद आमच्या घरात पाच नाताळ फिरला. दर वर्षी कडा कापल्या जायच्या, दर वर्षी भेट लहान व्हायची. पाचव्या वर्षी त्यात एक खोडरबर बसलं. ते मला मिळालं. तो लुक नव्हता. कागदाला पैसे नव्हते. क्यूट म्हणे!

रंगीत छापील कागदाचा तरी असा काय थाट? 1917 च्या नाताळात अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या हॉल बंधूंच्या दुकानातला टिश्यू पेपर संपला, म्हणून त्यांनी पाकिटांच्या अस्तराचा फ्रेंच कागद विकायला काढला आणि तो हातोहात खपला. म्हणजे तीही वेळ मारून नेण्यातलीच गोष्ट.

खोटं का बोलू, तुमची एक युक्ती कामाची निघाली. चौरस खोकं कागदावर सरळ न ठेवता तिरकं ठेवायचं आणि चारही कोपरे वर आणायचे. वरच्या बाजूचा कर्ण अधिक उंचीची दीडपट, एवढ्या बाजूचा चौरस कागद पुरतो. 20 सेंटीमीटरच्या, 10 उंच खोक्याला 43. मी मोजून पाहिलं, चिकटपट्टीचा एक तुकडा लागला. हे दोन वाक्यांत सांगून व्हिडिओ संपवला असतात तर मावशी आज शाल पांघरून बसल्या असत्या.

पत्र पाठवण्याआधी तुमच्या चुका नेमक्या टिपाव्यात म्हणून व्हिडिओ परत लावला. पाचव्या मिनिटाला तुम्ही एक पुडकं कॅमेऱ्यापुढे धरून हलवता. आत काहीच वाजत नाही. रिकामं खोकं. मग दुसरं, तेही तसंच. तर्जनीवर भाजल्याचा फोड आहे, गरम गोंदाचा असणार. तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडतं, "झालं का तुझं? कुकर लावायचाय." आणि तुमच्या आवाजातला मध क्षणभर खरवडल्यासारखा होतो. व्हिडिओ 214 वेळा पाहिला गेलाय. त्यातल्या नऊ वेळा मीच आहे.

यंदा तुम्हाला कुणी काही दिलं का हो?

पत्ता कळवा. दालचिनी साठ ग्रॅम उरली आहे, तेवढी पाठवते. भातात घाला. कागद जुनाच आहे, इस्त्री केलेला. मुंग्या झटकल्या आहेत.

तुमची,
शालवाल्या मावशींची भाची