कोऱ्या मुखपृष्ठाचं पुस्तक

जून उजाडला की हातकणंगले स्टँडच्या आसपास मान वर करून बघा. करिअर अकॅडमी, इंग्लिश मीडियम स्कूल, सीईटीचे क्लास, पोलीस भरतीची तयारी. निम्म्याअधिक फ्लेक्सवर पुस्तक असतंच. गोऱ्यागोमट्या पोरानं ते छातीशी धरलेलं, डोक्यावर पदवीची काळी टोपी. जरा जवळ जा. मुखपृष्ठ कोरं. निळा नाहीतर लाल पुठ्ठा. ना पुस्तकाचं नाव, ना लेखकाचं. असले फोटो इंटरनेटवर आयते मिळतात आणि विकणारे हक्कांची भानगड नको म्हणून पुस्तकावरचं नाव आधीच पुसून टाकतात. आपण ते तसंच दहा बाय वीसवर छापून चौकात टांगतो. फ्लॅटच्या जाहिरातीत तर पुस्तकांचं कपाटच भिंतीला चिकटवायच्या कागदावर छापलेलं असतं.

मला याचा राग येतो, कारण आपल्याच भागात जाहिरातीनं लोकांना वाचायला लावलं होतं. हातकणंगल्याहून मिरजेला जाऊन पुण्याच्या गाडीत बसलं की वाटेत किर्लोस्करवाडी लागते. लोखंडी नांगरानं जमीन नासेल अशी धास्ती शेतकऱ्याच्या मनात होती, त्या काळात तिथल्या किर्लोस्करांच्या कारखान्यात असे नांगर तयार होत होते. कारखान्याच्या मालाची माहिती लोकांपर्यंत जावी म्हणून 1920 साली शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' काढलं. म्हणजे मूळ कागद जाहिरातीचाच. पण त्यात वाचण्याजोगा मजकूर होता. खबरचं पुढं 'किर्लोस्कर' मासिक झालं, 1930 साली 'स्त्री' आलं, 1934 साली 'मनोहर'. नांगर खपवायला निघालेल्या कागदानं महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गाला दोन-तीन पिढ्या वाचायला दिलं. शंकररावांनी गिऱ्हाइकाला अक्कल आहे असं धरलं, आजचा फ्लेक्स गिऱ्हाइकाला फक्त डोळे आहेत असं धरतो. फरक तिथं आहे.

आणि नाव छापायचंच तर हातकणंगल्यात नावांचा तोटा आहे का? म. द. हातकणंगलेकर इथलेच. सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजात त्यांनी इंग्रजी शिकवलं, मराठी समीक्षेत मानाचं स्थान मिळवलं, जी. ए. कुलकर्णींची पत्रं वाचकांपुढं आणण्यात त्यांचा मोठा वाटा, आणि 2008 साली सांगलीच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. गावाचं नाव आडनावात घेऊन हा माणूस महाराष्ट्रभर फिरला. त्याच्या हातात पुस्तक असलेला एक फलक चौकात लावायला काय हरकत आहे? शेजारच्या इचलकरंजीत आपटे वाचन मंदिर दीडशे वर्षं उभं आहे, त्याच इचलकरंजीत 1974 साली साहित्य संमेलन भरलं तेव्हा पु. ल. देशपांडे अध्यक्ष होते. हे पोरांना कुठल्या फ्लेक्सवरून कळणार?

दिवाळी अंकांचंही बोलतो. 1909 साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही मराठी चाल आहे आणि ती जाहिरातीच्या जिवावर तगली. आपल्याकडचे साखर कारखाने, पतसंस्था, दूध संघ, हुपरीचे चांदीवाले, इचलकरंजीचे यंत्रमागवाले पानं देतात, त्यांचे आभार मानायलाच हवेत. पण पान कसं असतं? चेअरमन, व्हाईस चेअरमन, खाली टपालाच्या तिकिटाएवढ्या फोटोंत सगळं संचालक मंडळ, आणि हार्दिक शुभेच्छा. संस्थेच्या ऑफिसात अंकाची एक प्रत येते, ती बिलाला जोडायला. सभासदाच्या घरी एकही जात नाही. पैसे वाचनासाठी दिले, वाचलं कुणीच नाही.

म्हणून कारखान्यांनो, पतसंस्थांनो, यंदा पानाचे पैसे देताना एकच अट घाला: जाहिरातीसोबत पंचवीस अंक विकत घेणार, आणि ते आपल्या कार्यक्षेत्रातल्या शाळांना, गावच्या ग्रंथालयांना जाणार. ड वर्गातल्या ग्रंथालयाच्या तुटपुंज्या अनुदानात एवढे अंक बसत नाहीत, ते तुम्हीच पोचवू शकता. अकॅडमीवाल्यांनी फ्लेक्सच्या डिझाइनरला एवढं सांगावं, की पोराच्या हातातल्या पुस्तकावर खऱ्या पुस्तकाचं नाव टाक, लेखकाची आणि प्रकाशकाची परवानगी आम्ही आणतो. कुठला लेखक नाही म्हणेल? आणि खाली लहान अक्षरात लिहा, हे पुस्तक गावातल्या कुठल्या ग्रंथालयात मिळतं आणि ते किती वाजेपर्यंत उघडं असतं.