दमलेला पैलवान

प्रतापगडला महाशिवरात्रीची यात्रा भरली की अर्जुनी-मोरगावकडचे रस्ते माणसांनी फुलून जातात. इथे महादेव आहे तसा ख्वाजा उस्मान गनी हारुनींचा दर्गाही आहे. बरेच जण एकाच खेपेत दोन्हीकडे माथा टेकवतात. डोंगर चढताना भल्याभल्यांना धाप लागते. खाली तसबिरींच्या दुकानात मात्र मारुतीराया अख्खा द्रोणागिरी तळहातावर घेऊन उडत असतात आणि कपाळावर घामाचा टिपूस नाही! मोटारीच्या मागच्या काचेवरचा हल्लीचा मारुती तर नुसताच रागावलेला असतो. कोणावर, ते गाडीवाल्यालाच ठाऊक.

वीराला दमलेला दाखवायच्या बाबतीत रोमन लोक मोकळ्या मनाचे. महाबली हेराक्लीस मूळचा ग्रीकांचा. रोमनांनी त्याला दत्तक घेऊन हर्क्युलिस केलं. १५४६ साली रोममधल्या कॅराकॅलाच्या स्नानगृहांत त्याचा तीन मीटरहून उंच संगमरवरी पुतळा सापडला. आज तो नेपल्सच्या संग्रहालयात आहे. अंगावर स्नायूंचे नुसते डोंगर, पण गडी सोट्यावर काख टेकवून, मान खाली घालून उभा. मोठ्या यातायातीने मिळवलेली सोन्याची सफरचंदं पाठीमागच्या हातात. समोरून पाहणाऱ्याला वाटावं, बिचाऱ्याची शेवटची एसटी चुकली. सफरचंदं पाहायची तर मागे जावं लागतं, आणि गोल्टझियस नावाचा डच चित्रकार खरोखरच मागे गेला. त्याच्या कोरीव चित्रात हर्क्युलिसची भलीमोठी पाठ आहे, आणि खाली कोपऱ्यात माना वर करून आ वासून बघणारे दोघे जण. यात्रेत असे दोघे हमखास भेटतात.

पुतळ्याची आणखी एक गंमत. सापडला तेव्हा पाय नव्हते, म्हणून देला पोर्ता या शिल्पकाराने नवे बसवले. पुढे मूळ पाय सापडले, तरी नवेच बरे म्हणून कितीतरी वर्षं तेच ठेवले!

हा गडी आपल्या बाजूलाही येऊन गेला. गांधार शिल्पांत सिंहाचं कातडं डोक्यावर घेऊन तो बुद्धाचा अंगरक्षक वज्रपाणी म्हणून उभा आहे. क्रानाख या जर्मन चित्रकाराने तर १५३७ साली त्याला राणी ओम्फलीच्या दासींच्या घोळक्यात बसवला. डोक्याला बाईमाणसाचा रुमाल, हातात सूतकताईची काठी.

हे पाहून हसू येतं, पण आपला भीम तरी काय करत होता? विराटाच्या मुदपाकखान्यात बल्लव होऊन वर्षभर चुलीपुढे बसला. त्याचं तसं कॅलेंडर निघालेलं माझ्या पाहण्यात नाही. नाटककारांना मात्र तो बरोबर सापडला. खाडिलकरांचं ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आलं. प्रेक्षकांनी कीचकात लॉर्ड कर्झन ओळखला, सरकारनेही ओळखला, आणि १९१० साली नाटकावर बंदी आली. सूर्य न मावळणारं साम्राज्य एका आचाऱ्याला भ्यालं.