संकासुराला कुठल्या खणात बसवणार?

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळायला बसलं की आधी पात्राचा कागद भरावा लागतो. नाव, जमात, ताकद, हत्यारं आणि एक छोटी चौकट : अलाइनमेंट. तुमचं पात्र नियम पाळणारं, तटस्थ की बेबंद? शिवाय सुष्ट, तटस्थ की दुष्ट? तीन त्रिक नऊ खण. पुण्या-मुंबईला शिकायला गेलेली आपली पोरंही हल्ली हा खेळ मांडून रात्र जागवतात. खुशाल जागवावी, खेळ झकास आहे. खेळणाऱ्यानं स्वतःच्या पात्राला खण निवडावा, यालाही माझी हरकत नाही. पात्र कसं वागणार, ते तो ठरवतोय. माझं भांडण आहे राक्षसांच्या पुस्तकाशी. तिथं अख्ख्या जमातीचा स्वभाव छापूनच येतो.

त्या पुस्तकातल्या ऑर्क नावाच्या बिचाऱ्या जमातीचंच बघा. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 1974 मध्ये खेळ काढला, तेव्हा खण तीनच होते आणि ऑर्क तटस्थांच्या यादीतही होते, बेबंदांच्या यादीतही. 1977 च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये ते नियम पाळणारे दुष्ट झाले. 2000 च्या तिसऱ्या आवृत्तीत बेबंद दुष्ट. मधल्या काळात ऑर्कांनी काय केलं? काही नाही. पुस्तक नवं छापलं, एवढंच. त्याच तिसऱ्या आवृत्तीत काही प्राण्यांपुढे ‘नेहमी’ असा शेरा आहे आणि त्याचा खुलासाही आहे : हा प्राणी जन्मतःच या स्वभावाचा असतो.

जन्मतःच! हा शेरा आपल्याकडे खेळात नव्हे, कायद्यात होता. इंग्रजांनी 1871 मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि 1911 मध्ये तो सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानाला लागू केला. गुन्हा कुणी, कधी, कुठं केला हा प्रश्नच नाही. जमात यादीत आली की तिच्यात जन्मलेलं पोरही संशयित. हजेरी द्या, परवानगीशिवाय हलू नका, सोलापूरसारख्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड राहा. कायदा 1952 मध्ये गेला, संशय गेला नाही. लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ हे आत्मकथन ज्यांनी वाचलंय, त्यांना मी वेगळं काय सांगू? म्हणून ‘खेळच तर आहे’ असं कुणी म्हणालं की मला राग येतो. चौकट तीच आहे. खेळात तिच्यामुळे कुणाची भाकरी जात नाही, एवढाच फरक.

आता आपल्या रत्नागिरीकडे या. शिमग्यात नमन-खेळे दारी येतात. मृदंग घुमायला लागला की घुंगरांचा आवाज करत संकासुर अंगणात उतरतो. काळा वेश, डोक्यावर उंच निमुळती टोपी, पांढरी दाढी. शेंबडं पोर आजीच्या लुगड्यामागे दडतं. आजी त्याला दंडाला धरून पुढे काढते, ‘‘पाया पड त्येच्या, देव हाय तो.’’

देव? कथेप्रमाणे हा शंखासुर. यानं वेद चोरले आणि त्याला मारायला विष्णूला मत्स्यावतार घ्यावा लागला. नऊ खणांच्या तक्त्यात तो पार तळाच्या कोपऱ्यात जाईल. खाली सिंधुदुर्गात दशावतारात तो मालवणी बोलून लोकांना हसवतो आणि शेवटी विष्णूच्या हातून मरतो. इकडे लोक त्याला नवस बोलतात. गावातल्या कुणालाही तो असुर आहे हे ठाऊक नाही, असं नाही. वेद चोरले ते त्याच्या नावावर आहेच, ते कुणी पुसलेलं नाही. पण त्या एका चोरीवरून त्याला कायमचं दाराबाहेर उभं करावं, असंही गावाला वाटलेलं नाही. अंगणात येऊन तो आज काय करतो, त्यावर त्याचा मान. राक्षसाकडे बघायची ही नजर मला त्या नऊ खणांपेक्षा कितीतरी शहाणी वाटते.

खेळणाऱ्यांचा नेहमीचा मुद्दा मला माहीत आहे : शत्रू निखालस दुष्ट नसेल तर तलवार चालवायची कुणावर? ज्यानं गाव जाळलं त्याच्यावर चालवा की! ऑर्क आहे म्हणून नको, जाळलं म्हणून. मग तो का जाळतोय, त्याच्या टोळीतला एखादा आपल्या बाजूला येईल का, हे प्रश्न पटावर येतात आणि लढाईला खरा रंग चढतो. जन्मानं दुष्ट असलेल्याला मारण्यात फासे टाकण्यापलीकडे काही उरत नाही.

खेळ छापणाऱ्या कंपनीलाही हे उमगलंय. ऑर्क आणि ड्राऊ (खेळातले काळे एल्फ) यांचं चित्रण बदलू, असं तिनं 2020 मध्ये जाहीर केलं; 2024 च्या पुस्तकात ‘वंश’ हा शब्दही काढला. नऊ खण मात्र आहेतच. असू देत. खेळ चालवणाऱ्या पोरापोरींना माझी एकच विनंती : पुस्तकात राक्षसाच्या नावापुढे छापलेला खण पेन्सिलीनं खोडा. आणि तो राक्षस तुमच्या पटावर काही करेपर्यंत ती जागा कोरी ठेवा.